होडीच्या इंजिनाखालची फळी

ईदच्या तिसऱ्या दिवशी पहाटेची फजरची नमाज आटोपून मी मोरा बंदरात गेलो, ओहोटीने कोरड्या पडलेल्या माझ्या होडीपाशी बसलो आणि तिच्या पाठीमागचे इंजिन अडकवायचे लाकूड उखडून काढले. एरवी हजला निघालेल्या माणसाचे मृत्युपत्र चार ओळींत संपते. माझे लांबले ते त्या लाकडामुळे.

मी, नजमुद्दीन वल्द इसहाक मुकादम, वय वर्षे एकोणपन्नास, शिक्षण मराठी पाचवी, धंदा होडीचा, राहणार उरण, जिल्हा कुलाबा, लिहून ठेवतो की माझी अक्कल जागेवर आहे. डोळे थोडे अधू आहेत. हा कागद लिहिताना मला कोणी दम दिला नाही. फक्त पत्नीने दिला, त्याची हकीकत पुढे येईल. जहाज जेद्दाहला पोचवील आणि परतही आणील अशी उमेद आहे. तरी समुद्र अल्लाचा आहे.

कलम पहिले. घर, नारळाची सात झाडे आणि जे काही शिल्लक असेल ते पत्नी अमिरुन्निसा, मुलगा मकसूद व मुलगी कुलसुम यांना शरियतीप्रमाणे मिळावे. वाटे ठरलेले आहेत. तेथे माझे शहाणपण चालत नाही, हे सर्वांच्याच हिताचे आहे.

कलम दुसरे. शिडाची होडी ‘रहमत’ मकसूदने चालवावी. इंजिनाची बैठक मी नवी केली आहे. मागच्या बाजूस दीड इंच जाडीची सागाची फळी, आतून तेवढेच आडवे लाकूड, दोन्ही कोपऱ्यांना बाभळीचे वाकडे टेकू, आणि खिळे नाहीत, आरपार बोल्ट. दर पावसाळ्यानंतर ती खोलून पाहावी. वरून रंग देऊन समाधान मानू नये.

कलम तिसरे. हे इंजिन माझा मेहुणा रफिक याने मुंबईहून आणून माझ्या गळ्यात घातले. म्हणाला, “भावजी, आता वाऱ्याची मिजास सोसायला नको.” तेव्हापासून दोरी ओढून ओढून माझा उजवा खांदा गेला आणि वाऱ्याची मिजास मला नम्र वाटू लागली. रफिकला मी माफ केले आहे. इंजिनाला नाही.

कलम चौथे, मोरू सुताराविषयी. सन १९३२ मध्ये इंजिन बसवायचे ठरले तेव्हा मोरूने जाड साग मागितला. त्याच महिन्यात आमच्या मशिदीचा जुना दरवाजा बदलला होता. तो माझ्या आजोबांनी दिलेला. ‘सागवानी दरवाजा’ असे भिंतीतल्या संगमरवरी पाटीवर त्यांच्या नावासह कोरलेले आहे. जमातीने त्यातली एक फळी मला दिली. आजोबांच्या पुण्यावर इंजिन आरामात टांगून राहील, असे मला वाटले.

मोरूने रंधा मारला आणि थांबला.

“भाई, ह्यो साग न्हाय. आंबा हाय.”

“माझ्या आजोबांच्या दाराला आंबा म्हणतोस?”

“मी कशाला म्हनू? रंधा म्हनतो. बरं, आतून आडवं लाकूड तरी घालू?”

“नको. होडी जड होईल.”

तीन महिन्यांनी भर खाडीत फळी तुटली आणि इंजिन तळाला गेले; ते पुढे ओहोटीला काढले. तरंगत आलेला तुकडा उघड आंब्याचा होता. मी बंदरावर सर्वांसमोर मोरूला म्हणालो की, तू माझा साग लाटून आंबा लावलास. चोर हा शब्द दोनदा वापरला. त्याने आधीच आंबा म्हटले होते, ती चोरीची पूर्वतयारी होती, असेही मी लोकांना समजावून दिले. लोकांना पटले. त्यानंतर मोहल्ल्यातली एकही होडी मोरूकडे गेली नाही आणि तो मिठागरावर मीठ ओढायला जाऊ लागला.

तुटलेल्या फळीचे बूड होडीलाच राहिले होते. हरेश्वर लोहाराने त्यावर लोखंडी पट्टी ठोकून पुढे नवे लाकूड जोडले. या ईदनंतर ती पट्टी मी काढली. खाली, रंधा न पोचलेल्या कडेला, मशिदीचा हिरवा रंग होता, थरावर थर, आणि दाराच्या बिजागरीचे भोक होते. रंगाखाली आंबा होता.

फळी कोणी बदलली नव्हती. दरवाजाच आंब्याचा होता.

कलम पाचवे. जमातीची हरकत नसल्यास माझ्या मालमत्तेच्या मृत्युपत्राने देता येण्याजोग्या तिसऱ्या हिश्शातून पाथरवट लावून पाटीवरचा ‘सागवानी’ एवढाच शब्द काढवावा. आजोबांचे नाव राहू द्यावे. दरवाजा त्यांनी दिलाच होता. बाकी हिस्सा मशिदीच्या विहिरीला द्यावा.

कलम सहावे (खोडलेले, त्याची हकीकत अशी). हजला जाण्याआधी घरोघर जाऊन “कहासुना माफ करा” म्हणायची आमच्यात रीत आहे. मी साठ घरे केली. काय माफ करायचे ते कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही. त्याच ओघात मोरूचेही उरकावे म्हणून मिठागरावर गेलो.

“मोरू, कहासुना माफ कर.”

“कसली माफी, भाई?”

“चुकून काही बोललो असेन तर.”

“असेन म्हंजे? तुमालाच म्हाईत न्हाय, तर मी काय माफ करू? आठवंल तवा या.”

घरी येऊन मी लिहिले की, माझ्या मृत्यूनंतर मकसूदने बंदरावर उभे राहून खरी हकीकत वाचून दाखवावी. अमिरुन्निसाला ते वाचून दाखवले.

“म्हंजे तुम्ही कबरीत आरामात पडणार, आणि लोकांची तोंडं माझा पोरगा बघणार?” ती म्हणाली. “आजोबांच्या नावाला हसतील म्हणून भ्यालात, असं सरळ लिवा. ते कलम खोडा. नायतर एकाही साक्षीदाराला मी उंबऱ्याच्या आत घेणार नाय.”

आज सकाळी मुंबईची बोट सुटण्यापूर्वी, बंदर माणसांनी भरलेले असताना, मी मोरूला बोलावून घेतले आणि सर्वांसमोर म्हणालो: “ती फळी माझ्या आजोबांच्या दाराची होती. दार आंब्याचे होते. मोरूने तसे सांगितले होते. तो चोर नाही. मी खोटे बोललो.” पाठीमागे कोणीतरी हसले. आजोबांनाच हसले असावे.

मोरूने डोक्याचे फडके काढून पुन्हा बांधले.

“झालं?”

“झालं.”

“मग माफ. पन एकदा मोठ्यानं बोला, भाई. तिकडं टोकाला बसलेल्यांना आयकू न्हाय गेलं.”

मी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि तेथे पुन्हा सर्व बोललो.

सबब कलम सहाव्यात मुलावर सोपवलेले काम मी हयातीत स्वतः केले असून ते कलम रद्द समजावे. खोडल्याबद्दल बाजूस सही केली आहे.

ठिकाण उरण, तारीख २८ डिसेंबर १९३६, वार सोमवार.

सही: नजमुद्दीन इसहाक मुकादम

साक्षीदार:
१. हरेश्वर गुणाजी लोहार, सही.
२. मोरू चांगदेव सुतार, डाव्या हाताचा अंगठा. धंदा विचारता मिठागर सांगितला. मग थांबवून, सुतारकाम लिहा म्हणाला. तसे लिहिले.