गेटवरचा नमस्कार

पप्पा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे. वही ओट्यावरच ठेवली आहे. शेजारी तुमचा तो तीन कप्प्यांचा डबा घासून पालथा घातलाय. अजून तोच नेते मी कंपनीत. एक कडी सैल झालीय, पण टाकवत नाही.

तुमचा दिवस "जय ख्रिस्त"ने सुरू व्हायचा. दापोडीच्या आपल्या गल्लीत तुम्ही समोरच्या काकांना "जय ख्रिस्त" म्हणायचात, ते "जय भीम" म्हणायचे, कोपऱ्यावरचा दूधवाला दोघांनाही "राम राम" घालायचा आणि तिघांचंही काही बिघडायचं नाही. पिंपरीच्या कंपनीत, टूलरूममध्ये, तुमची उभी हयात गेली, तिथेही हेच. समोर फोरमन असो नाहीतर झाडूवाला. जेवणाआधी टोपी काढून, डोळे मिटून, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात देवाचे आभार मानायचात. कोणी चेष्टा केली तर हसायचात, आणि कोणी खरंच विचारलं तर हातातला घास ठेवून येशूबद्दल सांगायचात. मला तुमची लाज वाटायची. सौम्य शब्द शोधत होते, पण लाजच वाटायची.

मी सातवीत होते तेव्हाचा तो डिसेंबर आठवतो? आपल्या दारात तुम्ही बांबूच्या काड्यांचा मोठा तारा टांगला होता. वर्गातली मैत्रीण वही न्यायला आली, ताऱ्याकडे बघत राहिली, आणि मी घाईघाईने म्हटलं, "दिवाळीचा कंदील आहे, काढायचा राहिलाय." तुम्ही आत भाजी निवडत बसला होतात. ती गेल्यावर म्हणालात, "दिवाळी सरून महिना उलटला की गं. आपण काय एवढे आळशी आहोत?" मी हसले, मला वाटलं सुटले. मग तुम्ही हातातली मेथीची जुडी खाली ठेवलीत. "भांडायचं नाही. कुणाला ओढायचं नाही. पण आपण कोणाचे आहोत हे विचारलं तर सांगायचं. तेवढं प्रभू आपल्याकडे मागतो. तेवढंही जड जातं का तुला?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी विसरून गेले असते.

जड जायचं, पप्पा. चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बसमध्ये मागच्या सीटवर कोणीतरी कोणाबद्दल तरी "बाटगे आहेत ते" म्हणताना ऐकलं. माझ्याबद्दल नव्हतंच ते. पण दुसऱ्या दिवसापासून मी टिकली लावायला लागले. घरून निघताना कपाळ मोकळं, आणि बस नाशिक फाट्याला वळली की पर्समधल्या आरशात बघून टिकली. आडनावावरून कोणाला काही कळत नव्हतं. नाताळची रजा "मावशीकडे कार्यक्रम आहे" म्हणून घ्यायची. अशी वर्षं गेली. आईला एकदा पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट सापडलं होतं, तिने ते होतं तिथेच परत ठेवलं.

आणि मग तो दिवस. मी डबा घरी विसरले. तुम्ही रिटायर झालेले, गुडघे दुखायचे, तरी दोन बस बदलून चाकणला आलात. गेटवरून निरोप आला तेव्हा मी दोघी मैत्रिणींबरोबर खाली उतरले. तुम्ही ऊन चुकवत वॉचमनच्या केबिनच्या सावलीला उभे होतात, डबा पोटाशी धरून. एकीने विचारलं, "कोण गं हे?" मी म्हटलं, "शेजारचे काका आहेत. आईने पाठवलं असेल."

तुम्ही तोंड उघडलं होतंत. कुठला शब्द येणार हे मला माहीत होतं. मग तुमची नजर माझ्या कपाळावर गेली. तुम्ही डबा पुढे केलात आणि म्हणालात, "नमस्कार. गरम आहे मॅडम, सांभाळून धरा." आणि वळून चालायला लागलात. जन्मभर कोणापुढे न गिळलेला शब्द तुम्ही माझ्यासाठी गिळलात. घरी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाहीत. मीही माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू म्हणता म्हणता दोन वर्षांत तुम्ही गेलात.

आता इतक्या वर्षांनी का लिहितेय ते सांगते. आमच्या लाइनवर जालन्याकडची एक बाई नवीन आलीय, कॉन्ट्रॅक्टवर. चाळिशीची असेल. सोमवारी कॅन्टीनमध्ये तिने ताट समोर घेतलं, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. ओठांवर येशूचं नाव होतं. टेबलावरचा एकजण म्हणाला, "ताई, भाजी एवढी बेकार नाय, घाबरू नका." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "मिशनच्या गव्हाच्या पोत्यापायी बाटली असंल." तिने ऐकलं, आणि खाली मान घालून जेवायला लागली. मी समोरच बसले होते. डाळीत चमचा फिरवत राहिले.

मला जेवण गेलं नाही. उठून गेटकडे चालत गेले. केबिनमध्ये तेव्हाचेच वॉचमन मामा आहेत अजून, इथल्याच गावचे. त्यांना मी एकदम म्हटलं, "मामा, फार वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ माझा डबा घेऊन आले होते. ते माझे वडील होते."

मामांनी रजिस्टर मिटलं. "ठावं हाय की मला. आल्या आल्या 'जय ख्रिस्त' म्हणले. मी म्हणलं, कोन पायजेल? तर म्हणले, माझी लेक हाय आत, क्वालिटीत. लई कवतिक सांगत व्हते तुमचं. मग तुमी आलात."

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"तुमीच न्हाई म्हणलात, मग मी कशाला बोलू?" ते म्हणाले. "पर जाताना डोळं पुसत व्हते, मॅडम."

मी केबिनबाहेर उभी राहून रडले, पप्पा. ट्रक आत येत होते, ड्रायव्हर बघत होते, तरी रडले.

आज मी टिकली न लावता गेले. कॅन्टीनमध्ये तिच्या शेजारी बसले. टेबल भरलेलं होतं, सोमवारचे दोघेही होते. डबा उघडला आणि तिला म्हटलं, "जय ख्रिस्त." ती वळली. "काय म्हणू लागलात, मॅडम?" मग मी परत म्हटलं, मोठ्याने. टेबलावरच्या माना वळल्या. त्या दोघांतला एक म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण?" मी म्हटलं, "हो. माझे वडीलही होते. या गेटवर डबा घेऊन आले होते, आणि मी त्यांना शेजारी म्हटलं होतं." तो आपल्या ताटाकडे बघायला लागला. ती मात्र माझा हात धरून "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त" म्हणत राहिली.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. फक्त तुमच्याशी तरी खोटं नको म्हणून एक गोष्ट लिहिते. पहिल्यांदा तिला ऐकू गेलं नाही ते कॅन्टीनमधल्या गलक्यामुळे नव्हे. मी मुद्दामच हळू म्हटलं होतं.