भवानी पेठ श्वान-निवास (शुद्ध शाकाहारी)

रविवार, २ एप्रिल १९७८
आजपासून धंदा. गिरणीला ले-ऑफ लागून महिना झाला. गेटवर बावीस वर्षं टाइमकीपर असलेल्या माणसाने घरी बसून छताकडे किती बघायचं? साहेब लोक उन्हाळ्यात गावाला जातात, तेव्हा त्यांची कुत्री कुठे जातात, हा प्रश्न सोलापुरात कोणाला पडला नाही. मला पडला.

बोर्ड रंगवून आणला: ‘भवानी पेठ श्वान-निवास. शुद्ध शाकाहारी.’ शेवटचे दोन शब्द बायकोच्या, गिरिजाच्या, आग्रहामुळे. आम्ही लिंगायत, या घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही, ते कुत्र्यापायी कशाला येईल? विचाराअंती ही आयडिया मुळात माझीच होती असं लक्षात आलं.

मागच्या घरातला हुसेनसाब, लूम दुरुस्त करणारा, बोर्ड दोनदा वाचून गेला. दोनदा वाचण्यासारखं त्यात काय आहे? लक्ष ठेवणे.

रविवार, ९ एप्रिल
पहिलं गिऱ्हाईक. मेहुणा बसप्पा कुर्डुवाडीला रेल्वे वर्कशॉपमध्ये आहे, त्याचे फोरमन मानसिंगराव. पत्नीचं, वच्छलाबाईंचं, मुंबईला ऑपरेशन. तीन आठवडे लागतील. कुत्रा अल्सेशियन, नाव मेजर. मूलबाळ नाही, जे काही आहे ते हेच.

मानसिंगराव म्हणाले, याला रोज मटण लागतं, जमेल ना? मी म्हणालो, आठ दिवसांत भाकरीला लावतो. ते बराच वेळ बोर्डाकडे बघत उभे होते. गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

वच्छलाबाई मात्र माझ्याशी बोलल्याच नाहीत. गिरिजाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “माझं काय व्हायचं ते होवो बाई. पण परत आले तर हा दारात दिसला पाहिजे.”

श्वान-निवासाचा मालक समोर उभा असताना त्याच्या बायकोला सांगायचं कारण कळलं नाही.

मंगळवार, ११ एप्रिल
भाकरी-दूध: नाही. भाकरी-ताक: नाही. शेंगाचटणी लावून भाकरी: शिंकला.

गेटवरचा माझा नियम साधा होता. उशिरा येणाऱ्याचा चेहरा बघायचा, कारण ऐकायचं नाही. मेजरचा चेहरा बघितला. नाटक आहे. गिरिजा म्हणते बरगड्या दिसायला लागल्या. बरगड्या सगळ्यांनाच असतात.

हुसेनसाब भिंतीवरून डोकावून म्हणाला, अप्पा, भूका हाय क्या बिचारा? याला काय करायचंय? त्यांच्यात कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाआधी कपडा धुवावा लागतो. उंबऱ्याच्या आत कुत्रं घेत नाहीत. मग हा कळवळा कुठून आला?

शुक्रवार, १४ एप्रिल
विजय. ताटली साफ. मेजर शेपूट हलवतो, उड्या मारतो, डोळ्यांत चमक आहे. जोंधळ्याच्या भाकरीपुढे इंग्रजी जात नमली. पुढच्या वर्षी दहा कुत्री. मागे पत्र्याची शेड. नंतर पुण्याला ब्रँच, पण तिथे विश्वासू माणूस मिळणं कठीण. इथेही कठीणच आहे.

सोमवार, १७ एप्रिल
काही गोष्टी बरोबर दिसत नाहीत.

दुपारी झोपून उठलो की मेजरचं तोंड ओलं असतं आणि त्याला कपड्याच्या साबणाचा वास येतो. कुत्रं स्वतःहून साबण लावत नाही. मागच्या भिंतीवर एक चेपलेलं जर्मनचं भांडं असतं. आमचं नव्हे. आणि हुसेनसाबची शेळी. गेल्या महिन्यात तिला वारा आला तर भिंतीचा आधार लागायचा, आता अंग तुकतुकीत. भर एप्रिलमध्ये, सोलापुरात, शेळी कशावर सुटते?

गिरिजाला विचारलं. म्हणाली, शेळ्यांचं मला काय माहीत. आणि भांडी घासताना गुणगुणत होती. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, भांडी घासताना गुणगुणलेली मला आठवत नाही.

गुरुवार, २० एप्रिल
उलगडा झाला. हुसेनसाबला स्वतःचं श्वान-निवास काढायचंय. त्यासाठी माझं गिऱ्हाईक फितवतोय. आज त्याच्या बायकोने, कमरुन्निसाने, भिंतीपलीकडून ‘मेजर’ अशी हाक मारली. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकली. तो धावत गेला. माझ्या हाकेला एक डोळा उघडतो, तोही सावकाश.

बसप्पा यात सामील असावा. पुरावा नाही, पण तो लहानपणापासून तसाच आहे, असं त्याची बहीणच सांगते.

उपाय: मागच्या दाराला कुलूप. मेजर आतल्या खोलीत. दोन्ही किल्ल्या करगोट्याला. गिरिजा कानडीत बोलली. रागावली की ती अक्कलकोटला, माहेरच्या भाषेत जाते. मला सगळं कळतं, पण कळत नाही असं धरून चालतो. संसाराला बरं पडतं.

शुक्रवार, २१ एप्रिल
मेजरने भाकरीला तोंड लावलं नाही. नाटकाचा दुसरा अंक.

महत्त्वाचं: पलीकडे शेळीही सकाळपासून ओरडतेय. दोघं एकाच दिवशी उपाशी कसे? यांचं आपसात काहीतरी संधान आहे.

गिरिजा दोनदा किल्ली मागायला आली. एकदा म्हणे वाळवण काढायचंय, एकदा म्हणे केरसुणी बाहेर राहिली. चेहरा बघितला. दिली नाही.

रविवार, २३ एप्रिल
मेजर उठत नाही.

कालपासून पाणीही नाही. जनावरांच्या दवाखान्यात गेलो, रविवार म्हणून बंद. परत आलो तर मुंबईची तार. ऑपरेशन नीट झालं. वच्छलाबाईंनी शुद्धीवर येताच मेजरचं विचारलं. कळवावे.

काय कळवावे यावर मी विचार करत होतो, तेवढ्यात गिरिजाने हात पुढे केला.

“अहो, इतके दिवस ते कमरुन्निसाच्या हातचं खाऊन जगलं. तुमची भाकरी तिच्या शेळीने खाल्ली. देवघर आहे म्हणून तोंड मी रोज धूत होते. आता ते तुमच्या संशयावर जगणार असेल, तर राहू द्या किल्ली.”

मी म्हणालो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तिने हात मागे घेतला नाही. किल्ली दिली.

भिंतीपर्यंत चालायचं त्राण मेजरमध्ये नव्हतं. गिरिजा मागे गेली. ते चेपलेलं भांडं तिने स्वतःच्या हातात घेतलं आणि स्वयंपाकघरातून, देवघरासमोरून, आत आणलं. आजपर्यंत ती त्याला शिवत नव्हती, भिंतीवर ठेवलेलं असायचं, मेजर जाऊन खायचा. मागोमाग कमरुन्निसा. तिने खाली बसून मेजरचं डोकं मांडीवर घेतलं. गिरिजा बोटाने रस्सा त्याच्या जिभेला लावत होती. एकीने जन्मात मटणाला हात लावला नव्हता, दुसरीने कुत्र्याला.

मी पाहिलं नाही असं ठरवलं. देवालाही तसंच सुचवलं.

हुसेनसाब चपला काढून उंबऱ्याशी उभा होता. त्याला आत ये म्हणावं की नाही, याचा मी विचार करत असताना तोच मला म्हणाला, “अप्पा, बैठो जरा. पानी पिओ.” माझ्याच घरात.

दिवेलागणीला मेजरने जीभ बाहेर काढून भांडं चाटलं. मी तार केली: मेजर ठीक. देखरेख चोख.

रविवार, ३० एप्रिल
टांगा दारात आला तेव्हा मेजर दारातच होता. वच्छलाबाईंना नीट उतरता येत नव्हतं, त्या पायरीवरच बसल्या आणि मेजरने त्यांचं तोंड, हात, पदर सगळं चाटून काढलं. फार वेळ चालला हा प्रकार.

मग मी आहाराविषयी माहिती दिली. भाकरी, ताक, नियमितपणा. त्या ऐकत होत्या. मेजर ऐकत नव्हता. त्याने त्यांचा पदर तोंडात धरला आणि ओढत मागच्या भिंतीकडे नेलं. तिथे तिघी बायका पुष्कळ वेळ बोलल्या. मला बोलावलं नाही. परत येताना सगळ्यांचे डोळे पुसलेले दिसले. हे काय शिजतंय?

जाताना मानसिंगरावांनी बोर्ड परत वाचला. शेळीकडे बघून म्हणाले, तिच्यापुरतं बरोबर आहे.

शनिवार, ६ मे
दुसरं गिऱ्हाईक. कुर्डुवाडीचेच, रेल्वेतले गार्ड. सोबत पांढरं केसाळ कुत्रं. मी बोर्डाखाली उभा होतो. ते म्हणाले, गिरिजाबाई आणि कमरुन्निसाबाईंचं घर कुठलं? मानसिंगरावांनी पाठवलंय. मी बोर्ड दाखवला. ते म्हणाले, हे नव्हे.

मागे नेऊन सोडलं. रस्ता माझ्याशिवाय कोणी दाखवू शकलं नसतं.

भिंतीतल्या विटा काढून वाट केली आहे. मी आक्षेप घेतला, पण तोपर्यंत हुसेनसाबने विटा रचूनही ठेवल्या होत्या. बोर्ड शेळीच्या छपरावर घातला. ऊन फार आहे, असं दोघींचं मत पडलं.

कुत्रं फिरवायचं काम माझ्याकडे. सगळ्यात विश्वासाचं काम, म्हणून इतर कोणावर सोपवता आलं नसावं. संध्याकाळी पार्काकडे नेलं. परतलो तर गिरिजा दारात उभी, आत भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवून.

म्हणाली, उशीर झाला.

मी कारण सांगितलं. वाटेत त्याचं पोट बिघडलं होतं. खरं कारण होतं.

तिने कारण ऐकलं नाही. माझा चेहरा बघितला, आणि साखळी काढून घेतली.