परक्या शिवारातली येळवस

अप्पा, आज येळवशीची अमावास्या आहे. सकाळपासून आमची गल्ली ओस पडलीय, सगळे शेतावर गेलेत. मुलगा मलाही न्यायला आला होता. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. दुखतातच, पण ती सबब आहे हे त्यालाही ठाऊक आहे. दर येळवशीला माझं काही ना काही दुखतं.

त्या वर्षी आळंदजवळचं आपलं गाव सोडलं तेव्हा ज्वारी गुडघ्याला लागली होती. बंदूकवाले शेजारच्या गावापर्यंत आले आणि तुम्ही उभं पीक टाकून आम्हांला निजामाच्या हद्दीबाहेर आणलंत. चार-पाच कोसांवरचं गाव, पण राज्य दुसरं. एका शेतकऱ्यानं गोठ्याची अर्धी बाजू दिली. माणूस देवासारखा होता, तरी आईला त्याच्या बायकोकडं मीठ मागायला जाताना मी पाहिलंय. ती दारात उभी राहायची आणि बराच वेळ मिठाचं नावच काढायची नाही.

येळवस आली. आई आदल्या दिवशीच तोंड पाडून बसली. भज्जीच्या कालवणाला डाळी उसन्या, आंबिलीला ताक उसनं, मडकंसुद्धा उसनं. "उसन्या मडक्यातलं देव खातोय व्हय?" असं ती सकाळी तुम्हांला फाडकन बोलली. तुम्ही मान खाली घालून पागोटं बांधत राहिलात. मला तिचा फार राग आला होता.

दुपारी त्या शेतकऱ्याच्याच शेतात कडब्याची खोपीसारखी कोप उभी केली, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले. "ह्येच शेत तुमचं समजा, अण्णा," तो म्हणाला आणि आंबिलीचं मडकं तुमच्या हातात दिलं. त्याच्या पिकाला तुम्ही फेरी मारताय, लिंबाच्या डहाळीनं आंबिल शिंपडताय, आणि मी मागून चाललेय. पोटात दाणा धरलेल्या ज्वारीला या दिवशी जेवू घालायचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. म्हणून मी विचारलं.

"अप्पा, मग आपली ज्वारी आज उपाशीच राहणार का?"

तुम्ही थांबलात. फेरी पुरी केलीत, उरलेली आंबिल तांब्यात ओतून वर फडकं बांधलंत. मला बांधाआड बोलावून म्हणालात, "आईला म्हन, अप्पा सोलापूरला काम बघायला गेल्यात. उद्या येतेत." मी पळत जाऊन तसंच सांगितलं. आपल्यात काहीतरी गुपित आहे याचा मला आनंद झाला होता, अप्पा. मी त्या दिवशी दोन वेळा भज्जी मागून घेतली.

दोन दिवस तो शेतकरी तुम्हांला सोलापूरच्या गिरण्यांच्या दारात शोधत फिरला. मी गप्प. तुम्ही उद्या येतो म्हणाला होतात ना. तिसऱ्या दिवशी आपल्या बांधाशेजारचे चाचा, ज्यांच्या बैलांबरोबर आपले बैल औताला लागायचे, ते स्वतः हद्द ओलांडून आले. गोठ्याच्या दारात पागोटं काढून उकिडवे बसले. बंदूकवाल्यांनी तुम्हांला आपल्याच बांधावर गाठून मारलं होतं. चाचांनी गावातल्या चौघांना घेऊन तुम्हांला तिथंच अग्नी दिला होता. आईला ते एवढंच म्हणाले, "पूरे खेत कू फेरी मारे थे, भाभी. कोना भी नै छोडे."

पोलीस ॲक्शननंतर आम्ही गावी परतलो. त्या वर्षीची ज्वारी कुणी कापून नेली, कळलं नाही. आईनं पुन्हा येळवस केली नाही. मडक्याचं बोलणं तुमच्या जिव्हारी लागलं आणि म्हणून तुम्ही आपल्या शेताकडं गेलात, हे तिनं धरून ठेवलं. बायका समजूत घालायच्या, ती ऐकायची नाही. चाळीस वर्षं ती उसनं मागायला आलेल्या कुणालाही रिकाम्या हातानं पाठवायची नाही, आणि दिल्यावर रडायची. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली, "म्या बोलले म्हनून गेले गं ते."

मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं आणि म्हटलं, "जाऊ दे आई, आता त्याचं काय."

एवढंच म्हटलं, अप्पा. तू नाही, मी बोलले म्हणून ते गेले, हे तेव्हाही सांगितलं नाही. तिला क्लेश होतील म्हणून नव्हे. तिनं दोष स्वतःकडं घेतला होता आणि मला त्याचं बरं वाटत होतं.