श्रावणातली पिंपं

पर्शोर,
२० जून २००४

चि. ऋजुताला काकाचे अनेक आशीर्वाद, वर मूठभर जास्तीचे.

गडगड, धडाम्, गडगड. शेजारचा लेन प्रॉसर रिकामी पिंपं फरशीवरून लोटायचा, तो आवाज सकाळपासून कानात आहे. चौथीत कविता म्हणताना आम्ही बाकांवर असाच ठेका धरायचो. लेन गेला, त्याची पिंपं धुण्याची कंपनी त्याच्याआधीच बुडाली, आवाज तेवढा राहिला.

आणखीही एक राहिलंय. कौन्सिलनं आपल्या खालच्या शेतातली माती तपासली. त्या पिंपांतलं रसायन मुरलंय, तिथलं काही खाऊ नका म्हणाले. कंपनी उरली नाही, म्हणून सफाई जमिनीच्या मालकानं करायची, म्हणजे मी. ते मला झेपायचं नाही. मग बिल्डरला शेत विकणं आलं. तुझ्या रेखाकाकूनं लावलेली प्लमची झाडं तिथेच आहेत गं. ती गेल्यापासून मी त्यांच्याशीच बोलतो. तिच्यासारखीच ती माझं सगळं ऐकतात आणि मनाला येईल तेच करतात.

तू विम्याच्या ऑफिसात आहेस, काही सुचतं का बघ. दिवस मला पक्का आठवतो: १९७७, श्रावणाचा पहिला दिवस. शेतात उभा राहून शाळेतली श्रावणाची कविता मोठ्यानं म्हणत होतो, तेवढ्यात पिंपांची थप्पी कोसळली, फुटली आणि काळं पाणी उतारावरून आपल्याकडे आलं.

सुयशला आशीर्वाद. नवरा म्हणून बरा वागतोय ना?

तुझा,
पद्माकरकाका


बेसिंगस्टोक,
२९ जून २००४

ती. काकांना वाकून नमस्कार वि. वि.

काका, प्लीज ई-मेल घ्या! तुमचं अक्षर वाचायला मला चष्मा लागणार आहे.

गुड न्यूज आधी. लेनच्या जुन्या ब्रोकरकडे त्याच्या कंपनीच्या लायबिलिटी पॉलिसीची कॉपी मिळाली. लोकांना वाटतं मुदत संपली की पॉलिसी मेली. तसं नसतं. या जुन्या पॉलिसीत क्लेम कधी केला ते बघत नाहीत, नुकसान कधी झालं ते बघतात. शेजाऱ्याचं नुकसान पॉलिसी चालू असताना झालं असेल, तर आज सत्तावीस वर्षांनीही विमा कंपनी बांधील असते. लेनची कंपनी बुडाली असली तरी इथल्या कायद्यानं आपल्याला तिच्या विमा कंपनीपर्यंत जाता येतं. आणि माती उपसायचीही गरज नाही. नळ्या घालून आतली वाफ ओढून काढतात. झाडं राहतील.

आता बॅड न्यूज. पॉलिसी ३१ जुलै १९७७ ला संपली आणि लेननं ती रिन्यू केली नाही. मी नेटवर पाहिलं, त्या वर्षी श्रावण लागला १५ ऑगस्टला, सोमवारी. थोडक्यात हुकलं, काका. सुयश म्हणतो, काकांनी आषाढाची कविता पाठ करायला हवी होती. त्याला मी रागावले.

सॉरी. तब्येत सांभाळा, औषधं खरंच घेताय ना?

तुमची,
ऋजुता


पर्शोर,
४ जुलै २००४

चि. ऋजुताला आशीर्वाद, आणि तुझ्या नेटला एक छडी.

सोमवारी? अगं, सोमवारी मी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात असायचो. शेतावर आम्ही शनिवार-रविवारीच राहायचो. तुझं पत्र घेऊन झाडांपाशी बसलो, काही उमगेना. मग स्वयंपाकघरात पुण्याहून आलेलं कॅलेंडर सहज चाळलं, तर यंदा श्रावण दोनदा! आधी अधिक, मग निज. आणि एकदम तुझी काकू दिसली. बांधावर उभी, कमरेवर हात. मी कवितेच्या ऐन रंगात, आणि ती हसून हसून म्हणतेय, अहो, हा अधिक आहे, खरा श्रावण अजून महिनाभर लांब आहे, आत्तापासून कसले गाताय!

लग्नानंतरचा आमचा तो पहिलाच अधिक महिना. जावयाला वाण म्हणून सासूबाईंनी पुण्याहून अनारसे धाडले होते, ते पोस्टात मोडून निव्वळ चुरा झाला. तो चुरा आम्ही चमच्यानं खाऊन शेतात आलो, माझी कविता सुरू झाली, आणि पिंपं कोसळली. अधिक महिना कधी लागला ते बघ, पोरी. तू पाहिलास तो दुसरा श्रावण. हसलं कोण, कविता कोणाची, हे वकिलाला सांगू नकोस.

तुझा आनंदी काका


बेसिंगस्टोक,
१५ जुलै २००४

ती. काकांना नमस्कार, काकूंनाही.

रविवार, १७ जुलै १९७७! पॉलिसी चालू होती!! मी ऑफिसमध्ये एवढ्यानं ओरडले की मॅनेजर धावत आली. तिला अधिक महिना समजावताना माझी पुरती वाट लागली. शेवटी म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे लीप इयरसारखा लीप मंथ असतो. हो म्हटलं, आणि त्यात जावयांची चंगळ असते.

आता एकच अडचण. विमा कंपनीचा वकील म्हणतो, एका माणसाच्या आठवणीवर भागणार नाही, तो दिवस पाहिलेलं आणखी कुणीतरी हवं. लेनची बायको डोरीन आहे ना अजून शेजारी? तिला विचाराल? तिला नीट सांगा, पैसे विमा कंपनी देणार, तिच्या घराला कुणी हात लावत नाही.

तुमची,
ऋजुता


पर्शोर,
२७ जुलै २००४, मंगळवार

चि. ऋजुताला आशीर्वाद.

डोरीनकडे गेलो होतो. कौन्सिलची माणसं येऊन गेल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिनं दाराची साखळीही काढली नाही. फटीतूनच म्हणाली, मेलेल्या माणसाला कोर्टात ओढणाऱ्याशी मला बोलायचं नाही. मी म्हटलं, बाई, लेन माझाही मित्र होता, थप्पी कोसळली हा अपघात होता, कुणी त्याला चोर म्हणत नाही. उलट त्यानं विमा उतरवला म्हणूनच आज आशा आहे. घराचंही तू लिहिलंस तसं सांगितलं. दार लागलं.

असो. तू शिकस्त केलीस. शेत गेलं तर बिल्डरला म्हणेन, रस्त्याला तरी प्लमचं नाव दे. आज फळं पिवळी व्हायला लागलीत. आपल्याला मनाई आहे, पण काळे पक्षी कौन्सिलचं ऐकत नाहीत. त्यांचं बघत बसलो की दुपार कुठे जाते कळत नाही, आणि खरं सांगू, मी सुखात आहे. तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये या, म्हणजे

थांब, दार वाजतंय. उघडून येतो.

डोरीन आहे. मंगळवार असून चर्चचे कपडे, डोक्यावर हॅट. म्हणतेय, रविवार असून लेन चर्चला न येता पिंपं लोटत बसला, त्यावरून थप्पी कोसळली त्या सकाळी ती त्याच्याशी कडाकडा भांडली होती, तो रविवार ती कसा विसरेल. आत ये म्हटलं तर येत नाही. पायपुसण्यावर उभी राहून विचारतेय, वकिलाचं ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं.