आघाडा तेवढा ठेव

२४ ऑगस्ट
फर्मान निघालं! "परसातलं गवत काढ. आघाडा तेवढा ठेव, महालक्ष्म्यांना लागतोय." इति आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. लग्नानंतरचा माझा पहिलाच सण, आणि माहेर पुण्यात चौथ्या मजल्यावर. तिथं तुळससुद्धा कुंडीत! आघाडा दिसतो कसा, विचारलं. "पान बघितलं की कळतंय," म्हणाल्या आणि दूध उतू चाललंय म्हणून आत पळाल्या. गॅसवर दूध नव्हतंच.

२५ ऑगस्ट
फोनमध्ये झाडं ओळखायचं अ‍ॅप घेतलं. एकाच पानाला सकाळी राजगिरा म्हणालं, दुपारी मेक्सिकोचं कायतरी. चुकून माझ्या अंगठ्याचा फोटो गेला — मुळा! नवऱ्याला विचारलं. बजरंग म्हणतो, "हिरवं असतंय बघ." धन्य!

२६ ऑगस्ट
गवत उपटलं. संशयित तीन ठेवले. त्यातल्या एकाचे तुरे साडीला असे चिकटले की निम्मं परस स्वयंपाकघरात आलं. रडूच आलं. गल्लीतल्या सगळ्या बायका जेवायला येणार आणि नवी सून देवीपुढं गाजरगवत ठेवणार!

"आत्याबाई, एकदा बघता का?" — "गुडघा लई दुखतोय गं, परसात उतरवंना." गच्चीवरचे कपडे काढायला मात्र सरसर गेल्या. माझी परीक्षा घेतायत, नक्की.

२८ ऑगस्ट
शेळ्या राखणाऱ्या कडूमावशींना सगळा पाला माहीत. त्यांना विचारावं म्हणून गेले, तर घराला कुलूप. लेकीच्या बाळंतपणाला चकलांब्याला गेल्यात, महिनाभर. आत्याबाईंना सांगितलं, तर त्या मटकन खालीच बसल्या. दोघींची एवढी मैत्री असेल असं वाटलं नव्हतं.

३१ ऑगस्ट
आज महालक्ष्म्या आल्या. त्याआधी सकाळी आत्याबाई परसात आल्या, दाराला कडी लावली, हळूच म्हणाल्या, "मला न्हाई वळखू येत गं! इतकी वर्सं कडूच आणून द्यायची. तुझ्या सासऱ्याला बोलू नको. काढ तो फोन."

आठ दिवस मी या बाईला घाबरत होते! दोघी गवतात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. फोनला काही सांगता आलं नाही. शेवटी तिन्ही वाहिले. "एक तरी असंलच," आत्याबाई म्हणाल्या.

१ सप्टेंबर
जेवायला आलेल्या शेजारच्या विजयमालाकाकूंनी पत्री निरखली. "आघाडा लई ताजा हाय. कुणी आणला?"

आत्याबाई ठसक्यात — "आमच्या सुनेनं. तिला सगळं वळखू येतंय!"

"मंग पुढल्या साली आमालाबी दे गं बाई. आमाला कुठं वळखू येतंय!" मागून आणखी चार जणी — आमालाबी, आमालाबी.

कडूमावशी, लवकर या!