प्रमुख कारागीर: मी

३ फेब्रुवारी
वारसा निधीची जाहिरात आली आहे. आमच्यासारख्या आदिम जमातींच्या कला जपायला आणि शिकवायला अनुदान. वाचून आधी शिसारीच आली. इतकी वर्षं लोकांनी आमच्या टोपल्यांत कचरा भरला, आता म्हणे वारसा! तरी अर्ज करणार. जमातीत फॉर्म धड भरू शकणारा मी एकटाच.

आमची झाकणाची वेताची टोपली आता फक्त आत्या विणते. तिचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याला डॉक्टरांनी जेमतेम वर्ष दिलंय. त्याच्या आत कुणीतरी झाकण विणायला शिकायला हवं; सगळ्यात अवघड तेच. चार जण येतात तिच्याकडे: लाँड्रीतल्या दोघी बहिणी, एक नर्स आणि एक रिटायर्ड बस ड्रायव्हर. वेत महाग, म्हणून वर्ग फक्त रविवारी. अनुदान मिळालं तर रोज होईल.

संकल्प: आठवड्यात प्रपोजल पूर्ण.

९ फेब्रुवारी
प्रपोजल झालं नाही. लोगो झाला. बायको म्हणाली, टोपली उलटी काढलीय. मी सांगितलं, ती टोपली नव्हे, क्षितिज आहे. आता प्रपोजलमध्येही तसंच लिहावं लागणार. बायकांनी डिझाइनमध्ये नाक खुपसलं की असा व्याप वाढतो.

१५ फेब्रुवारी, दुपारी ४. शेवटची तारीख
फॉर्म आहे की छळ? रकाना सहा: प्रमुख कारागीर. शिक्षण, प्रमाणपत्रं, ईमेल. आत्याकडे यातलं काही म्हणजे काही नाही. ईमेल काय असतं ते तिला फोनवर समजावलं, तर म्हणाली, मग तू आहेस ना. ही संमतीच झाली. माझं नाव टाकलं. अनुभव: तीस वर्षं. तीस वर्षं मी या टोपल्या बघतोय, यात खोटं काय?

अपेक्षित फलित: तीन महिन्यांत चाळीस टोपल्या. आकडा सुचला तसा लिहिला.

२ मार्च
पहिल्या फेरीत निवड! ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, छान, पण कालची फाइल कुठे आहे? क्षुद्र माणसं.

वीस तारखेला अधिकारी बाई पाहणीला येणार. वर्ग बघणार, शिवाय 'प्रमुख कारागिराचं प्रात्यक्षिक'. प्रात्यक्षिक या शब्दाचा आणखी काही अर्थ निघतो का, ते बघितलं. निघत नाही.

संकल्प: अठरा दिवसांत टोपली शिकणे. आपल्या रक्तातच आहे.

३ मार्च, रविवार
रक्तात काही नाही. आत्याने एक जुनी टोपली पुढ्यात टाकली आणि म्हणाली, उसव. आमच्यात रीतच तशी. नवशिक्याने आधी तयार टोपली उसवायची, एकही काडी न मोडता, बोटांना वीण कळेपर्यंत. महिना जातो त्यात. मी म्हटलं, एवढा वेळ नाही, थेट झाकण दाखव. म्हणाली, घाईची टोपली बाजारात मिळते. ड्रायव्हर फिदीफिदी हसला. रिटायर्ड माणसाला इतकं हसू शोभत नाही.

मी सहा काड्या मोडल्या. वेतच निकृष्ट होता.

११ मार्च
बोटात काडी घुसली. वैद्यकीय कारणास्तव सराव बंद. पण आत्याच्या त्या बाजाराच्या बोलण्यात तथ्य आहे.

१९ मार्च
बाजारातून अकरा टोपल्या आणल्या. मशीनच्या आहेत, पण दोन हात लांबून कुणाला कळणार? बाईंना दोन हात लांबच बसवायचं. ऑफिस सुटल्यावर आत्याच्या पुढच्या खोलीत नीट मांडून आलो. आत्या मागे कामात होती. कुणालाही सांगितलं नाही. गुप्तता हवीच.

२० मार्च, संध्याकाळ
किळस आली आहे. सगळ्यांची.

पोचलो तर जमिनीवर काड्यांचा ढीग. पाहणी म्हणून चौघं सकाळी लवकर आले. त्यांना वाटलं, आत्याने आजचा धडा मांडून ठेवलाय. अकराच्या अकरा उसवल्या! एकही काडी मोडली नाही, असं ड्रायव्हर अधिकारी बाईंना छाती फुगवून सांगत होता. बाई ढिगाचे फोटो काढत होत्या. आत्याने एक काडी चाचपली आणि म्हणाली, हा वेत आपला नाही, कुणी आणला? मला खोकला आला.

मग प्रात्यक्षिक. आधी वीस मिनिटं प्रस्तावना केली. मग वेत हातात घेऊन वाकवला. तो सुटला आणि नर्सच्या कानावर बसला. बाईंनी विचारलं, तीस वर्षं? मी म्हटलं, आमची परंपरा मौखिक आहे.

त्यानंतर बाई तासभर आत्याशेजारी बसून राहिल्या. जाताना मला विचारलं, फॉर्मवर यांचं नाव का नाही? मी म्हटलं, ईमेल.

एकंदरीत छाप चांगली पडली.

२ एप्रिल
प्रकल्प संचालक म्हणून व्हिजिटिंग कार्डांचा नमुना करून घेतला. बायकोने बघितला आणि पोळ्या लाटत राहिली. हेवा, दुसरं काय.

१४ एप्रिल, रविवार
पत्र आलं. आत्या म्हणाली, सगळ्यांसमोर वाच. मधल्या ओळी गाळाव्यात असं मनात आलं, पण नर्स खांद्यावरून बघत होती. सगळं वाचलं.

अर्जात नाव दिलेल्या प्रमुख कारागिराला ही कला येत नाही. वर्ग चालवणाऱ्या बाईंचं काम असामान्य आहे, परंतु अर्ज त्यांच्या नावाने नाही. माहिती खोटी आढळल्यामुळे अर्ज नामंजूर. या जमातीला पुन्हा अर्ज करता येईल तो तीन वर्षांनी.

तीन वर्षं. ड्रायव्हरसुद्धा हसला नाही. मला पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाची नाही, माझीच शिसारी आली.

आत्याने विचारलं, म्हणजे वर्ग रविवारीच ना? मी हो म्हटलं. तिने पत्र मागून घेतलं. तुझं नाव कुठे आलंय ते दाखव, म्हणाली. मी बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, तरी कागद चांगल्या डोळ्याशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, छान छापलंय.

मग म्हणाली, जरा सरक, उजेड अडतोय. या दोघी बहिणींना आजच झाकण सुरू करून देते.

सरकलो.