सत्तेचाळिसावं पान फाडणार नाही

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
रक्तविकार निदान प्रशिक्षण केंद्र, धुळे.

विषय : मौजे जांभूळबारी (ता. साक्री) येथील एकसष्ट जणांची सिकलसेल तपासणी २७ मेच्या आत पुन्हा करणे व माझ्या नोंदवहीवर आहे त्या स्थितीत सही मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे दि. १५ व २२ एप्रिलचे अर्ज (उत्तर नाही).
२) आपला दि. ६ मेचा तोंडी आदेश (लेखी मागितला, दिला नाही).

महोदय,

जांभूळबारीच्या एकसष्ट माणसांना आपल्या केंद्राने बिनबुडाचा निकाल दिला, हे आपल्याला १५ एप्रिलपासून माहीत आहे. तरी आपण गप्प बसला आहात. हे वाक्य अर्जात बसत नसेल तर अर्जाचा नमुना बदला, वाक्य बदलणार नाही.

१. मी एम.एस्सी. झाल्यावर गेल्या जूनपासून आपल्याकडे शिकाऊ वैज्ञानिक आहे. वर्षभराच्या कामाची नोंदवही आपल्या सहीशिक्क्याने ३१ मेपर्यंत जमा झाली नाही तर माझं वर्ष बाद होतं आणि नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा संधी मिळत नाही.

२. दि. ९ एप्रिलच्या शिबिरात एकसष्ट नमुने मी स्वतः तपासले. रसायनात रक्त टाकल्यावर नळी गढूळ झाली, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल आहे. रेघा स्वच्छ दिसल्या तर नाही. पण त्याआधी सिकल असलेलं माहितीतलं रक्त टाकून रसायन जिवंत आहे का ते बघायचं असतं. त्याला कंट्रोल म्हणतात. आपल्याकडे शिबिराच्या रजिस्टरवर 'कंट्रोल ठीक' हे आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवतात, म्हणजे सकाळी जीप वेळेवर निघते. माझा सहकारी हितेंद्र म्हणतो, "गाडी काढायच्या आधी नारळ फोडतात ना, तसं समज." मी समजले. मीही लिहिलं आणि खाली सही केली. ही चूक माझी आहे, ती मी कोणावर ढकलत नाही.

३. रसायनाची बाटली जीपच्या काचेखाली होती आणि बाहेर त्रेचाळीस अंश. एकसष्टच्या एकसष्ट नळ्या स्वच्छ निघाल्या. परतताना जीपमध्ये सगळे खूश होते. साक्रीच्या पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार नेहमी आढळतो, तिथे एवढ्या माणसांत एकही सापडत नाही, हे मला पटेना. दि. ११ रोजी उरलेल्या रसायनात मी फ्रिजमधलं सिकलचं रक्त टाकलं. रेघा स्वच्छ दिसल्या. म्हणजे रसायन मेलेलं होतं. हे सगळं, माझ्या खोट्या सहीसकट, मी नोंदवहीच्या पान ४७ वर लिहिलं.

४. माझे वडील पारोळ्याच्या मार्केट यार्डात मापाडी आहेत, शिक्षण सातवी. रोज पहिलं पोतं चढवण्याआधी ते रिकामा काटा तपासतात. शेतकरी घाई करतो, व्यापारी डोळे वटारतो, तरी तपासतात. आपण माणसांचं रक्त तपासतो, साहेब.

५. दि. ६ मे रोजी आपण मला केबिनमध्ये बोलावून म्हणालात, "सारिका, एक पान फाड आणि दहा मिनिटांत शिक्का घेऊन जा. एका पानापायी वर्ष घालवतेस का?" फेरतपासणीचं विचारलं तर आपण नियम सांगितला : चूक झाल्याचा दाखला सक्षम व्यक्तीने द्यावा लागतो. सक्षम म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झालेली. प्रशिक्षण पूर्ण म्हणजे नोंदवहीवर सही. आणि सही म्हणजे पान ४७ नको. म्हणजे चूक सांगायचा अधिकार मला चूक फाडून टाकल्यावर मिळणार! हा नियम कोणी लिहिला असेल तर त्याची प्रत मला हवी आहे.

६. आता तातडीचं. या एकसष्टांत पुना आहे, वय तेवीस. त्याचं लग्न २७ मेला आहे. मुलीच्या घरात हा आजार आहे, ती स्वतः वाहक आहे, म्हणजे तिला त्रास नाही पण दोष रक्तात आहे, म्हणून तिच्या माणसांनी मुलाचं आपल्या शिबिरात मिळालेलं निकालाचं कार्ड मागितलं. पुनाची आई बेबाबाई यांचा मला फोन आला : "ताई, तुमनं कार्ड दखाडं आनि सोयरा राजी व्हयनात. लगीनले येजो!" मी म्हटलं, थांबा, पुनाचं रक्त परत बघावं लागेल, कार्डावर भरवसा ठेवू नका. त्या आधी हसल्या, मग चिडल्या. म्हणाल्या, "शिक्का मोठा सायबना शे. तू त आजून शिकाऊ शे ना, माय?" आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या उचलत नाहीत. त्यांचं काय चुकलं? आपल्या शिक्क्यापुढे माझा शब्द कोण धरणार?

पुना वाहक नसेलही. नसला तर मी नाचत वरातीत जाईन. पण असेल, तर आईबाप दोघंही वाहक म्हणून त्यांच्या मुलांच्या अंगात जे कण्हणं येईल ते मी 'सिकलसेल नाही' असं लिहून दिलेलं असेल.

७. म्हणून तीन मागण्या. एक, जीप, नवं रसायन आणि बर्फाची पेटी घेऊन २७ तारखेच्या आत जांभूळबारीला चला. कंट्रोल गावकऱ्यांसमोर लावू. दोन, जुनी कार्डं रद्द झाल्याचं आपल्याच शिक्क्याने लिहून द्या. तीन, नोंदवहीवर पान ४७ सह सही करा. तिन्ही होणार नसतील तर तिसरी सोडा. वर्ष गेलं तर मी पारोळ्याला जाऊन काट्यावर उभी राहीन. पहिल्या दोन सोडता येणार नाहीत.

आपण फोनवर सांगू नका, केबिनमध्ये बोलावू नका. जांभूळबारीला कोण जाणार, कोणत्या तारखेला जाणार, आणि कोणीच जाणार नसेल तर बेबाबाईंना ते कोण सांगणार, त्या माणसाचं नाव व हुद्दा मला २१ मेपर्यंत लेखी कळवा.

आपल्याच केंद्राची, अजून तरी,
सारिका अभिमन बडगुजर
शिकाऊ वैज्ञानिक
धुळे, दि. १९ मे २०२५

सोबत :
१) पान ४७ ची झेरॉक्स (मूळ पान वहीत आहे, वही माझ्याजवळ आहे).
२) एकसष्ट जणांची नावं व पत्ते.
३) पुनाच्या लग्नाची पत्रिका.